उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजच्या केमिस्ट्री डिपार्टमेंटमध्ये बीएस्सीच्या मुलांचं संशोधन : अनुभव आणि सूचना हव्यात

निळा_लिटमस

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. येत्या उन्हाळ्यात सेकंड आणि फायनल इयरची काही मुलं घेऊन डिपार्टमेंटमध्येच सहा आठवडे संशोधन करायचं पक्कं केलंय. प्रिन्सिपल सरांची तोंडी परवानगी मिळालीय, लेखी मिळेल. ज्यांनी हे केलंय किंवा विद्यार्थी म्हणून अनुभवलंय त्यांच्याकडून ऐकायचंय म्हणून धागा काढतोय.

आधी हे का करायचंय ते सांगतो. आपल्याकडे तीन वर्षं मुलं प्रॅक्टिकल करतात, पण प्रत्येक प्रॅक्टिकलचं उत्तर आधीच माहीत असतं. सिनियरचं जर्नल हातात असतं, ब्युरेट रीडिंग किती यायला पाहिजे ते ठाऊक असतं, मग तीन रीडिंग सारखी लिहून सीबीआर (कायम येणारं ब्युरेट रीडिंग) टाकून मोकळं. मी मुलांना दोष देत नाही, चार तासांच्या बॅचमध्ये एका टेबलावर चार जणं असतात आणि परीक्षेत उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात, दुसरं काय होणार. पण हाच मुलगा पुढे चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घेणार, त्याला पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात ते तो मिळवेलही, पण ज्या प्रश्नाचं उत्तर सरांनाही माहीत नाही अशा प्रश्नापुढे तो तोपर्यंत एकदाही उभा राहिलेला नसतो. ते एकदा व्हायला पाहिजे आणि त्याला निवांत वेळ लागतो, तो फक्त उन्हाळ्यात मिळतो.

विषय आमच्या दाराशीच आहे. आमच्या जिल्ह्यात काही भागात, तसंच चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागात, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, वर्गातल्याच काही मुलांना आहेत. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) मानकात पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. नुसतं मोजून तक्ता करणं हा सर्व्हे झाला, तो सरकारी लॅब करतेच. मला मुलांना प्रश्न द्यायचाय तो असा : कॅल्शियम फ्लोराइड पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणजे ज्या पाण्यात कॅल्शियम जास्त तिथे फ्लोराइड फार वर जाऊ नये. मग आमच्या परिसरात जड पाण्याच्या विहिरी आणि हलक्या पाण्याचे खोल बोअर यांच्यात हे दिसतं का? सॉल्युबिलिटी प्रॉडक्ट (क्षार पाण्यात किती विरघळेल त्याची मर्यादा) सगळ्यांनी पाठ केलाय, तो जमिनीखाली चालतो का ते बघायचं.

साधनं : कलरिमीटर (रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) आहे, फ्लोराइड मोजायला स्पॅड्न्स रिएजंट मागवणार. पाण्याचा जडपणा मोजायला ईडीटीए आणि त्याचं इंडिकेटर एरिओक्रोम ब्लॅक टी आहेच. पीएच मीटर चालू आहे.

अडचणी : मे महिन्यात ४५ डिग्री, पाण्याची टंचाई, लाइट जाते, मुलांना सुट्टीत घरी शेतात किंवा दुकानात काम असतं, स्टायपेंडला पैसे नाहीत, आणि पेपर तपासणीची ड्यूटी कधी लागेल सांगता येत नाही. बोला.

---

पाषाण_रोड

सर, मनापासून अभिनंदन. मी पुण्यात पीएचडी करतेय, बीएस्सी मराठवाड्यातल्या एका छोट्या कॉलेजमधून.

एक विचारू का, हुशार मुलांना तुम्ही बाहेर का नाही पाठवत? तिन्ही विज्ञान अकादमी मिळून समर फेलोशिप देतात, बंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, त्यात दोन महिने देशातल्या चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, स्टायपेंड आणि गाडीभाडं दोन्ही मिळतं. टीआयएफआरचा (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा उन्हाळी कार्यक्रम आहे, मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा एनआययूएस आहे त्यात केमिस्ट्री पण आहे, जेएनसीएएसआरचा (बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र) कार्यक्रम आहे. अर्ज हिवाळ्यातच भरायचे असतात आणि आमच्यासारख्या कॉलेजातल्या मुलांना ते एप्रिलमध्ये कळतं, हीच खरी गोष्ट आहे. मला तर एका सिनियर ताईमुळे कळलं, नाहीतर मी आज इथे नसते. एनएमआरची (रेणूची रचना ओळखायची) मशीन मी पहिल्यांदा तिथे बघितली.

---

निळा_लिटमस

@पाषाण_रोड, मॅडम तुमचं एकदम बरोबर आहे आणि ते करतोच आम्ही. नोव्हेंबर लागला की नोटीस बोर्डावर लावतो, वर्गात सांगतो, शिफारसपत्र लिहून देतो. पण आमच्याकडून एखाद्याचीच निवड होते, एखाद्या वर्षी कुणाचीच नाही. बाकीच्यांचं काय? आणि दुसरं, ज्या अर्जात "तुम्हाला कशावर काम करायचंय आणि का" असं लिहायचं असतं तिथे आमची मुलं गुगलवरून उतारा उचलून टाकतात, कारण लिहायला स्वतःचं काही नसतं. इथे सहा आठवडे स्वतःच्या गावच्या पाण्यावर काम केलेल्या मुलीला लिहायला काहीतरी असेल. म्हणजे बाहेर जायचं दार पण इथूनच उघडतं असं माझं मत आहे.

---

परिचर_काका

नमस्कार सर. मी केमिस्ट्री लॅबला परिचर आहे, वेगळ्या कॉलेजात. इथे वाचत असतो, लिहीत नाही, पण तुमच्या यादीत ईडीटीए दिसलं म्हणजे पीएच १० चा बफर (पीएच कायम ठेवणारं द्रावण) लागणार, म्हणजे लिकर अमोनिया (अमोनियाचं तीव्र द्रावण) लागणार. मे महिन्यात अमोनियाची बाटली स्टोअरमधून आणून सरळ उघडू देऊ नका कुणाला. उन्हाळ्यात आत प्रेशर झालेलं असतं, झाकण फिरवलं की फवारा तोंडावर येतो. आमच्याकडे आम्ही बाटली आधी बर्फाच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास उभी ठेवतो, मग गॉगल घालून, तोंड बाजूला करून, ओलं फडकं झाकणावर धरून हळूहळू सैल करतो, एक्झॉस्ट चालू असताना. डोळे गेलेली माणसं आहेत यात. मुलांना हात लावू देऊ नका, परिचराने किंवा तुम्ही स्वतः करा.

ईथर तर काढूच नका. ते ३४.६ ला उकळतं, तुमच्याकडे खोलीचं तापमानच त्याच्या वर. डीसीएम (डायक्लोरोमिथेन) पण ४० च्या आसपास. एक्स्ट्रॅक्शन करायचं असेल तर इथाइल ॲसिटेट वापरा.

आणि सर, आम्हा नॉन-टीचिंगला सुट्टी नसते, आम्ही येतोच, पण आम्हाला आधी सांगा, यादी द्या, डेड स्टॉक रजिस्टरवर (सामानाच्या नोंदवहीत) कुणाच्या नावाने काय निघणार ते ठरवा. काच फुटली तर त्या मुलाकडून दंड घेऊ नका, दंडाच्या भीतीने पोरं काच फुटलेली लपवतात आणि मग ती दुसऱ्याच्या हातात घुसते.

---

निळा_लिटमस

काका, तुमचे फार आभार. अमोनियाचं मला माहीत होतं पण नियम म्हणून भिंतीवर लिहायला हवं हे तुमच्यामुळे लक्षात आलं. दंडाचं पण पटलं, प्रिन्सिपलांशी बोलून घेतो. आमचे परिचर दादा पण तुमच्यासारखेच मनापासून करतात, त्यांचं नाव रिपोर्टवर घालायचंच असं ठरवलंय.

---

गुलाबी_ते_निळा

मी बीएस्सी फायनलला आहे, मागच्या उन्हाळ्यात आमच्या मॅडमनी असाच प्रोजेक्ट घेतला होता, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) आणि नायट्रेटचा. म्हणून सांगते.

पहिले काही दिवस आम्हाला फार त्रास झाला कारण एंड पॉइंट, म्हणजे टायट्रेशन कुठे थांबवायचं ते. प्रॅक्टिकलला आम्ही वाइन रेड ते निळा असं लिहायचो आणि सरांनी सांगितलेल्या आकड्याजवळ थांबायचो. इथे आकडाच कुणाला माहीत नाही. मग रंग खरा बघावा लागतो. आधी वाइन रेड, मग मधे एक जांभळट येतो आणि तिथेच अर्धी मुलं थांबतात, तिथे थांबायचं नाही, लालसर झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा आला की थांबायचं. आम्ही खाली पांढरी टाइल ठेवायचो आणि बाजूला एक संपलेला फ्लास्क तुलनेला. ट्यूबलाइटखाली आणि खिडकीजवळ रंग वेगळा दिसतो म्हणून सगळ्यांनी एकाच टेबलावर करायचं ठरलं.

मॅडम आमच्या नकळत एक बाटली ठेवायच्या, तिच्यावर गावाचं नाव असायचं पण आत त्यांनी स्वतः बनवलेलं द्रावण असायचं. संध्याकाळी सांगायच्या. ज्या दिवशी आमच्या टेबलचा आकडा त्यांच्या आकड्याला लागून आला त्या दिवशी आम्हाला जे वाटलं ते मी परीक्षेच्या निकालाला पण अनुभवलं नाही.

सर एक शंका, तुम्ही हार्डनेस म्हणताय पण एरिओक्रोमने टोटल येतो ना, कॅल्शियम अधिक मॅग्नेशियम. तुमचा प्रश्न तर फक्त कॅल्शियमचा आहे.

---

निळा_लिटमस

@गुलाबी_ते_निळा, शाब्बास बेटा. बरोबर पकडलंस. म्हणून दोन टायट्रेशन लावायची आहेत, एक पीएच १० ला एरिओक्रोमने टोटल, आणि दुसरं सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर नेऊन पॅटन-रीडर इंडिकेटरने, तिथे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन बाजूला पडतं आणि फक्त कॅल्शियम येतं. वजाबाकी केली की मॅग्नेशियम. धाग्यावर मी मुद्दाम थोडक्यात लिहिलं होतं, पण तू विचारलंस त्याचा फार आनंद झाला. ती मॅडमची बाटलीची पद्धत मी घेणार आहे. शिवाय नमुन्यात माहीत असलेलं फ्लोराइड मिसळायचं आणि किती परत मिळतं ते बघायचं, ते पण रोज एक.

---

तारापूर_क्यूसी

मी तारापूर एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूसीला (दर्जा तपासणीला) आहे, नवीन मुलांच्या मुलाखती घेतो. सर, तुम्ही करताय ते आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे, का ते सांगतो.

आम्हाला एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवता येणारा मुलगा नको असतो, ते आम्ही तीन महिन्यात शिकवतो. आम्हाला हवा असतो जो जे दिसलं ते दिसलं त्या वेळी, पेनाने, आपल्या वहीत लिहितो. आमच्याकडे याला अल्कोआ म्हणतात. नोंद कुणाची आहे ते कळलं पाहिजे, वाचता आली पाहिजे, त्याच वेळची असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. परदेशी इन्स्पेक्टर येतो तो आधी वही मागतो. कॉलेजातून येणारी मुलं मात्र रफमध्ये लिहून घरी जाऊन फेअर करायला शिकलेली असतात, आणि फेअर करताना रीडिंग "सुधारतात". ही सवय मोडायला आम्हाला वर्ष लागतं, काहींची मोडतच नाही.

तेव्हा हात जोडून विनंती, सहा आठवडे रफ आणि फेअर हा भेदच ठेवू नका. एक बांधीव वही, पानांवर आधीच नंबर, पेन्सिल बंद, व्हाइटनर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला सही, तारीख आणि कारण. रोज संध्याकाळी दुसऱ्या मुलाने वाचून सही करायची. काहीच जमलं नाही त्या दिवशी "काही जमलं नाही, अमुक कारण वाटतं" एवढं तरी लिहायचं. अशी वही घेऊन कुणी माझ्यासमोर मुलाखतीला आला तर मी मार्कशीट नंतर बघेन.

---

वाचक_पालक

माझी मुलगी सेकंड इयरला आहे. सर तुमची तळमळ दिसते, पण पालक म्हणून सांगते. सुट्टीत गावाकडच्या एसटीच्या फेऱ्या कमी होतात, दुपारी दोनला कॉलेज सुटलं तर मुलगी उन्हात स्टँडवर तासभर बसते. महिलांना अर्धं तिकीट आहे ती मोठी सोय, पण गाडी तर पाहिजे. आणि "रिसर्च" म्हणजे नक्की काय, कोण कोण असणार, किती वाजता सुटणार, हे पालकांना सांगितलं नाही तर घरातले पाठवणार नाहीत. मला वाटतं एकदा पालकांना बोलवा, लॅब दाखवा.

---

निळा_लिटमस

ताई, खूप चांगली सूचना. वेळ सकाळी ७ ते १२ ठेवतोय, लॅबचं काम ११ ला बंद आणि शेवटचा तास वही, हिशेब आणि चर्चा. एसटीच्या वेळा बघून पाच-दहा मिनिटं इकडे-तिकडे करू. पालक सभा पहिल्याच आठवड्यात घेतो, आणि त्यांच्या घरच्या पाण्याची बाटली घेऊन यायला सांगतो, म्हणजे मुलगी काय करते ते त्यांच्यासमोरच होईल.

---

पाषाण_रोड

परत आले. सर तुम्ही पाणी घेतलंत हे फार बरं केलंत, का ते जरा लांबून सांगते, कारण आपल्याकडे कॉलेजात संशोधन म्हटलं की ऑरगॅनिकच घ्यायची पद्धत आहे आणि त्यातही एकच साचा. बिजिनेली रिॲक्शन घ्यायची, बेन्झाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया, त्यात कुठल्यातरी फळाचा रस कॅटॅलिस्ट म्हणून टाकायचा, यील्ड (मिळालेला माल) ९० टक्के, ग्रीन केमिस्ट्री, पेपर तयार. लिंबू झालं, चिंच झाली, कैरी झाली. रिॲक्शन होते यात शंकाच नाही, बिजिनेलीला आम्ल पाहिजे आणि लिंबात सायट्रिक आम्ल आहे. पण त्या पेपरमध्ये नुसतं सायट्रिक आम्ल टाकून बघितलेलं नसतं आणि काहीच न टाकता नुसतं तापवून पण बघितलेलं नसतं. हे दोन कंट्रोल लावले तरच रसाने काही वेगळं केलं का ते कळेल. मुलांना हे दोन फ्लास्क लावायला सांगितले तर तोच घिसापिटा प्रयोग खरं संशोधन होतो आणि खर्च काहीच नाही.

दुसरी गोष्ट डेटा वाचायची. मध्यंतरी एका कॉलेजमधून ओळखीने स्पेक्ट्रम आला होता, "मॅडम जरा बघून द्या". बिजिनेलीचंच प्रॉडक्ट, डीएमएसओ-डी६ या सॉल्व्हंटमध्ये प्रोटॉन एनएमआर. दोन एनएच ९.२ आणि ७.७ ला छान, ५.१४ ला तो एकटा सीएच, ३.९८ ला ओसीएच२ चा क्वार्टेट (चार रेघांचा झुपका), २.२५ ला मिथाइल, १.०९ ला ट्रिप्लेट (तीन रेघांचा). पण क्वार्टेट जाडजूड, इंटिग्रेशन (म्हणजे हायड्रोजन किती ते) दोनाऐवजी तीनाच्या वर, आणि १.९९ ला एक जास्तीची रेघ. मुलाने सरांना विचारलं होतं तर त्याला सांगितलं गेलं की इम्प्युरिटी असेल, सोड. ते इथाइल ॲसिटेट होतं, म्हणजे उरलेला सॉल्व्हंट. त्याचा क्वार्टेट ४.०३ ला येतो म्हणजे प्रॉडक्टच्या अगदी अंगावर, ट्रिप्लेट १.१७ ला, आणि १.९९ ची ती एकटी रेघ त्याला पकडून देते. म्हणजे मुलाने सॅम्पल नीट वाळवलंच नव्हतं आणि त्याचा ९० टक्के यील्ड हा थोडा सॉल्व्हंटचाच होता. मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो इतका खुश झाला, म्हणे मॅडम म्हणजे मला वाटत होतं ते बरोबर होतं. त्याला शंका आली होती! अशा मुलाची शंका कुणी सोड म्हणून मारू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

कुणाला ऑरगॅनिक करायचंच असेल तर मेल्टिंग पॉइंट घ्या, टीएलसी करा (शुद्ध आहे का ते बघायला), आणि एनएमआरसाठी सॅम्पल बाहेर पाठवता येतं, सैफ नावाची मोठ्या उपकरणांची केंद्रं आहेत, आयआयटी मुंबईत आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे. बाहेरच्या कॉलेजांची सॅम्पल्स घेतात, ठरलेली फी असते.

---

कंडेन्सर

वरची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, मी अमरावतीकडे शिकवतो. उन्हाळ्यात रिफ्लक्स (वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये आणत उकळणं) करताना नळाचं पाणी कंडेन्सरमधून सोडून देणं मनाला पटत नाही, गावात टँकर चालू असतो आणि नळाचं पाणी तसंही दुपारी कोमट असतं. आम्ही कूलरमधला छोटा पंप घेतला, मोठ्या बादलीत ठेवला, बर्फाची लादी आणून टाकली, तेच पाणी फिरत राहतं. एका बादलीवर पूर्ण सकाळ निघते. लाइट गेली की पंप बंद, म्हणून हीटिंग मँटल आणि पंप एकाच बोर्डावर लावायचे, म्हणजे दोन्ही एकदम बंद होतात आणि फ्लास्क कोरडा तापत राहत नाही.

---

हिमप्रदेशी

अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका छोट्या अंडरग्रॅज्युएट कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, मूळचा साताऱ्याचा. आमच्याकडे पीएचडीचे विद्यार्थी नाहीतच, त्यामुळे जे काही संशोधन होतं ते याच मुलांबरोबर आणि बहुतेक उन्हाळ्यात. इथे ही परंपरा जुनी आहे, काउन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च नावाची जी संस्था आहे ती १९७८ मध्ये अशाच छोट्या कॉलेजांतल्या केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांनी सुरू केली, आणि नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू कार्यक्रम १९८७ पासून आहे. तुमच्या मुलांना त्यात अर्ज करता येणार नाही, तिथे अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले लागतात, हे आधीच सांगतो कारण मला दरवर्षी भारतातून मेल येतात.

पण एक गोष्ट तिथून इथे नक्की घेण्यासारखी आहे, ती म्हणजे पैसे. इथे मुलाला आठ-दहा आठवड्यांचा स्टायपेंड मिळतो, बऱ्याचदा राहायची सोय पण. कारण साधं आहे, गरीब घरचा मुलगा उन्हाळ्यात हॉटेलात काम करून पुढच्या वर्षाची फी जमवतो, त्याला फुकट संशोधन करायला सांगितलं तर तो येणारच नाही आणि मग संशोधन फक्त खाऊन-पिऊन सुखी घरच्या मुलांचं होतं. सर, तुमच्याकडे हे जास्तच लागू होईल. थोडे का होईना, पैसे उभे करा. माजी विद्यार्थ्यांना सांगा. कॉलेजला डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) स्टार कॉलेज योजना मिळाली असेल तर उपकरणं आणि केमिकल्सचा भार तिकडून निघेल. तुमच्या उपक्रमाला मी स्वतः दोन मुलांचा स्टायपेंड द्यायला तयार आहे, मेसेज करतो.

आणखी एक, आठवड्यातून एकदा सगळ्यांनी बसायचं आणि प्रत्येकाने फळ्यावर उभं राहून सांगायचं की या आठवड्यात काय केलं आणि काय कळलं नाही. मराठीत सांगू द्या. इंग्रजीची भीती काढून टाकली की मुलं काय काय विचारतात ते बघाल.

---

निळा_लिटमस

@हिमप्रदेशी, सर काय बोलू, शब्द नाहीत. पैसे कॉलेजच्या खात्यातच घेऊ, पावती देऊ, मुलांच्या खात्यावर चेकनेच जातील. आमच्या दोन मुलांना इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, त्यात वर्षाच्या ८०,००० मधले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठीच असतात, ती दोघं त्यातून करतील, प्रश्न बाकीच्यांचा होता. बाकीच्यांत एक मुलगा आहे तो सुट्टीत कापसाच्या जिनिंगवर जातो. तो आला पाहिजे, त्याचं टायट्रेशन वर्गात सगळ्यात स्थिर आहे.

फळ्यावर मराठीत, नक्की.

---

टीवाय_नंतर_काय

सर सर्टिफिकेट मिळेल का? आणि पेपर पब्लिश होईल का? आविष्कारला (विद्यापीठांची संशोधन स्पर्धा) पाठवता येईल का? आमच्या इथे एक जण पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापून देतो म्हणतो.

---

तारापूर_क्यूसी

@टीवाय_नंतर_काय, मित्रा पैसे देऊन आठवड्यात छापलेला पेपर सीव्हीवर लिहू नकोस, मुलाखतीत मी त्याच पेपरवर प्रश्न विचारतो आणि दुसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प होतो, फार वाईट वाटतं बघायला. आविष्कारला मात्र जरूर जा, तिथे परीक्षक पोस्टरसमोर उभं राहून विचारतात, त्याची सवय चांगली.

---

निळा_लिटमस

सर्टिफिकेट मिळेल, आणि त्यावर "सहभागी झाला" एवढंच नसेल, कुणी काय मोजलं ते लिहिलेलं असेल. पेपरचं आधी ठरवणार नाही. उत्तर "आमच्या भागात कॅल्शियम आणि फ्लोराइडचा काही संबंध दिसला नाही" असं आलं तरी तेच आविष्कारच्या पोस्टरवर जाईल, तसं मुलांना पहिल्याच दिवशी सांगणार आहे, नाहीतर नकळत आकडे आपल्याला हव्या त्या बाजूला सरकतात.

आणि एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलं गावातून नमुना आणणार, त्या बोअरचा आकडा २ आला तर ते घरी जाऊन सांगणारच. कलरिमीटरच्या एका रीडिंगवर गावात घबराट व्हायला नको आणि खरा धोका असेल तर तो लपायलाही नको. म्हणून ठरवलंय की १ च्या वर जो नमुना येईल तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मुलाने परत करायचा, तरीही तसाच आला तर बाटली भूजल सर्वेक्षणच्या जिल्हा लॅबला पाठवायची आणि त्यांचा रिपोर्ट आला की ग्रामपंचायतीला लेखी द्यायचा. मी तिथे जाऊन बोलून आलोय, साहेब चांगले आहेत, हो म्हणालेत.

---

गुलाबी_ते_निळा

सर नमुने घ्यायला काचेच्या बाटल्या नका घेऊ, आमच्या मॅडमनी सांगितलं होतं फ्लोराइडला प्लास्टिकच्याच. आणि बोअर आधी पाच-सात मिनिटं चालू ठेवून मग भरायची, पाइपातलं शिळं पाणी नको. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची. लेबल बाटलीवर लावायचं, झाकणावर नाही, झाकणं बदलतात.

स्पॅड्न्सला एक लक्षात ठेवा, तिथे फ्लोराइड जास्त म्हणजे रंग कमी. आमच्या बॅचला हे उलटं डोक्यात बसायला वेळ लागला. आणि ती पद्धत १.४ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतच धरायची, वर गेलं तर डायल्यूट करून परत.

---

परिचर_काका

सर अजून एक सांगायचं राहिलं. पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) टाकते. त्याचा क्लोरिन स्पॅड्न्सचा रंग खातो, आणि ताई म्हणते तसं रंग कमी म्हणजे फ्लोराइड जास्त दिसणार, नसलेलं फ्लोराइड दिसेल. नमुना घेताना गावच्या जलसुरक्षकाला विचारायचं शेवटचं कधी टाकलं. ऑर्थोटोलिडीनची (क्लोरिन तपासायची) बाटली त्याच्याकडे असते, तिथेच दोन थेंब टाकून पिवळं होतं का बघायचं, पण वेगळ्या नळीत, नमुन्यात नाही.

---

निळा_लिटमस

काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. नमुन्याच्या फॉर्ममध्ये "टीसीएल शेवटचं कधी" असा रकाना टाकला. म्हणजे आता फॉर्मवर गाव, विहीर की बोअर, खोली किती, किती वेळ चालवून भरलं, पाण्याचं तापमान, टीसीएल, भरणाऱ्याची सही असं झालंय. शिवाय नळाचं पाणी यादीतून काढतोय कारण तुरटी टाकलेलं असतं आणि ॲल्युमिनियम असलं की स्पॅड्न्स आकडा कमी दाखवतो, ते वेगळंच प्रकरण होईल.

मे अखेरीस एक फेरी आणि तेच बोअर पावसाळ्यानंतर परत, दिवाळीच्या सुट्टीत. फॉर्म उद्या स्कॅन करून टाकतो, कुणाला आपल्या कॉलेजात वापरायचा असेल तर खुशाल वापरा, नांदेडकडचं कुणी याच पद्धतीने करणार असेल तर आकडे शेजारी शेजारी ठेवून बघू.